स्क्रीनवरचं शून्य

कंपनीत सगळे तिला वहिनीच म्हणत. तिची नणंद त्याच कंपनीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होती आणि मुख्य कार्यालयात फोन करून "वहिनीला द्या" म्हणायची. तेच नाव चिकटलं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली माहिती कुठल्या नावाखाली, कितव्या स्क्रीनवर ठेवायची, हे वहिनी ठरवायची. नवी मांडणी तिने एकेका खात्याला विचारून, खात्यांप्रमाणेच केली होती. साहेब मंडळी खूश झाली, पण कोल्ड स्टोरेजच्या गोदामातली माणसं सॉफ्टवेअर उघडेनाशी झाली. असं का, हे बघायला ती सकाळीच तिथे जाऊन धडकली.

चिमणी दारातच भेटली. नणंदेचं हे घरातलं नाव, अंगाने मात्र ती चांगली धिप्पाड, त्यात जाड जाकीट चढवलेलं.

"आत जाताना नोंद करून दाखव," वहिनी म्हणाली.

चिमणीने दातांनी हातमोजा ओढला आणि दारालगतच्या टॅबवर बोट टेकवलं. मनुष्यबळ, त्यात उपस्थिती, त्यात विभाग, मग शीतगृह, मग पाळी. मधेच स्क्रीन पहिल्या पानावर परतली.

"बघितलंस? दर खेपेला एवढं कोण करत बसणार गं? पाळीचे मास्तर संध्याकाळी सगळ्यांची एकदम भरतात."

"आणि तोवर?"

"तोवर आत शून्य माणसं. आम्ही भुतं!" चिमणी खळखळून हसली, हातमोजा चढवून आत गेली. नोंद राहिलीच.

वहिनीला हसू आलं नाही. पाळी सांभाळणाऱ्या मास्तरांच्या केबिनमध्ये ती काहीतरी टिपत बसली होती, तेवढ्यात भोंगा वाजला. पाठोपाठ गारव्याच्या यंत्रातल्या गॅसचा असा वास आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अमोनिया! बाहेर पळा!" मास्तरांनी तिला हाताला धरून अक्षरशः ओढतच अंगणात आणलं.

माणसं दोन्ही फाटकांतून जमेल तशी बाहेर पडली होती. कोणी खोकत होतं, कोणी नळाखाली तोंड धरलं होतं. वहिनी एकेकाचा चेहरा बघत फिरली. प्रत्येक जाड जाकिटाला पाठीमागून जाऊन वळवलं. चिमणी नव्हती.

अग्निशमनची गाडी आली. त्यांच्या प्रमुखाने उतरता उतरता विचारलं, "आत कोणी आहे?"

फाटकावरच्या रखवालदाराने सॉफ्टवेअर उघडलेला मोबाईल पुढे केला. "शून्य दाखवतंय, साहेब."

"मग माणसं आत घालायची गरज नाही. बाहेरून व्हॉल्व्ह बंद करा, गॅस निवळू दे."

"थांबा!" वहिनीचा आवाज फाटला. "ते शून्य खरं नाही."

"तुम्ही कोण?"

"ती स्क्रीन मी लावलीय. तिथे कुणी नोंद करतच नाही. माझी नणंद आत आहे."

प्रमुखाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चाचरले. "मागच्या फाटकाने गेली असेल कदाचित..."

"कोणी पाहिलं तिला बाहेर येताना? सांगा ना कोणीतरी!"

फोर्कलिफ्टवाला पुढे आला. "मागच्या खोलीकडे जाताना पाहिलं होतं. बरोबर वायरमन होता, कंत्राटदाराचा."

त्या वायरमनचं तर सॉफ्टवेअरमध्ये नावही नव्हतं.

मुखवटे चढवून दोघं जण आत शिरले. दार त्यांच्यामागे बंद झालं आणि तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई.

"अगं, चिमणी फोन उचलत नाहीये. तुझ्याजवळ आहे ना?"

"आई, ती कामात आहे. मी... मी सांगते तिला," एवढंच कसंबसं बोलून वहिनीने फोन ठेवला आणि भिंतीला धरून उभी राहिली. दार उघडेना. ते कायमचंच बंद झालं, असं तिला वाटू लागलं.

आधी वायरमन आला, एका जवानाच्या खांद्यावर भार टाकून, लटपटत. चिमणीला दुसऱ्याने उचलून आणलं. तिने आणि वायरमनने मागच्या खोलीचं दार आतून लावून, फटीत तिचं जाकीट कोंबून ठेवलं होतं. थंडीने तिचे ओठ निळे पडलेले. वहिनी ओरडली तेव्हा पापण्या हलल्या.

चिमणी वाचली. आवाज मात्र बरेच दिवस घोगरा राहिला.

वहिनीने मांडणी मोडली. खातेप्रमुख कुरकुरले, माझं खातं खाली का, म्हणून. ती कुणाचं ऐकेना. आता टॅबवर सुरुवातीलाच 'आत जातोय' आणि 'बाहेर आलो' एवढी दोनच बटणं, हातमोज्यानेही दाबता येतील अशी मोठाली. कंत्राटदाराच्या माणसांनाही तीच. गोदामातला वापर झपाट्याने वाढला. साहेबांनी बैठकीत आलेख दाखवून टाळ्या वाजवल्या. वहिनीने हात मांडीवरच ठेवले.

चिमणी कामावर परतली त्या दिवशी वहिनी सकाळपासून स्क्रीनसमोर होती. आत बारा. जेवणाची सुट्टी झाली, बाकीचे बाहेर आले, तरी आत एक. तिने चिमणीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. उठून ती जिन्यापर्यंत धावली, तेवढ्यात पलीकडून फोन उचलला.

"काय गं वहिनी?"

"कुठे आहेस?"

"चहा पितेय. का?"

"बाहेर आल्याचं बटण?"

"अय्या, राहिलंच की!"

वहिनी पायरीवर मटकन बसली. "चिमणे, आत्ता जा. फोन चालू ठेव आणि दाब."

पावलं ऐकू आली, मग बटणाचा बारीक टिक आवाज. तरीही तिने फोन ठेवला नाही.