दोंडाईच्याहून सुरतेला, बसल्या जागी

मित्रांनो, संगणकाच्या डोक्यावर चिमटा धरून बसलेला काळा गोल डोळा कधी पाहिलाय का? तोच मी. मला वेबकॅमेरा म्हणतात. अंगानं मूठभर, पण नजर अशी, की समोरच्याच्या मिशीतला एक पांढरा केस सुटायचा नाही. मला कानही आहे, त्याला लोक माईक म्हणतात. जन्माची खोट मात्र एकच. पडदा माझ्या पायाखाली आणि माझं तोंड पुढे, म्हणजे पलीकडचा माणूस मला कधीच दिसत नाही. त्याचा फक्त आवाज येतो, आणि अलीकडच्याचा चेहरा दिसतो. तेवढ्यावर मी काय काय ओळखतो, ते आता ऐकाच.

माझा जन्म कुठल्या देशात झाला, मला नक्की ठाऊक नाही. सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे शेकडो जण रांगेत होते, एवढं आठवतं. मग खोक्यात झोपलो आणि डोळा उघडला तो थेट धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्याला. शाळा बंद पडल्या होत्या तो काळ. मयुरी नावाच्या मुलीच्या वर्गासाठी मला आणलं होतं. काय माझा मान होता म्हणून सांगू! रोज सकाळी मऊ फडक्यानं डोळा पुसायचा, मगच पाढे म्हणायचे. पुढे शाळा उघडल्या आणि मयुरीनं मला वायर गुंडाळून खणात टाकलं. शेजारी अगरबत्तीचे पुडे आणि एक मेलेली बॅटरी. तिथे मी तीन वर्षं काढली. अंगावर धूळ बसली त्याचं काही नाही, पण आपलं कुणाला कामच नाही, हे दुःख फार वाईट असतं.

मयुरीचे आजोबा म्हणजे बन्सीलाल नाना. मिरचीचे जुने व्यापारी. गावाबाहेर त्यांची पथारी, म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान, आणि बाजारात दुकान. त्यांचा मुलगा दीपक शाळेत शिक्षक. मिरचीजवळ गेला की त्याच्या डोळ्यांतून धारा लागतात, म्हणून तो दुकानाकडे फिरकत नाही. दुकानाची खरी काळजी होती ती सुनेला, मयुरीच्या आईला, दिपमालाला. कोणती मिरची मसाल्याला, कोणती रंगाला, हे ती नुसतं देठ पाहून सांगायची. पण सौदा नानांचा. सौद्याच्या वेळी ती आतल्या खोलीत चहा करायची.

नानांचं मोठं गिऱ्हाईक एकच, सुरतेचे झुलालभाऊ. मूळचे आपल्या साक्रीचे, तिकडे जाऊन मसाल्याचा कारखाना काढलेला. चाळीस वर्षांची रीत अशी, की हंगामाच्या तोंडावर नाना मिरचीची पिशवी घेऊन गाडीनं सुरतेला जायचे. दोघं गादीवर बसायचे आणि भाव रुमालाखाली व्हायचा. बैलबाजारात कसा हातावर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात, तसाच. चार माणसं बघत असली तरी कुणाला कळत नाही. नानांचा बाप बैलांचा व्यापारी होता, त्यानं लावलेली ही सवय.

यंदा नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ही गोष्ट त्यांनी सुरतेला कळू दिली नाही. व्यापाऱ्यानं आपलं दुखणं सांगितलं की भाव पडतो, असं त्यांचं म्हणणं. फोनवर ते एवढंच बोलले, "औंदा काम भलतं शे, येवानं जमाव नही." झुलालभाऊंना ते लागलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बन्सी येत नाही, म्हणजे त्याला दुसरा कुणी भेटला असणार. त्यांनी "मंग ऱ्हाऊ दे" म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच.

नानांनी घरात जाहीर केलं, की झुलाल माल घेत नसेल तर दुकानाला यंदापासून कुलूप. हे ऐकून दिपमालाच्या हातातलं सूपच थांबलं. दुकान गेलं की तिची मिरचीही गेली, मग आयुष्यभर चहाच करायचा. त्या दुपारी तिनं सगळे खण उपसले आणि मी सापडलो. तिनं पदरानं माझा डोळा पुसला आणि मला दुकानातल्या संगणकावर बसवलं. मित्रांनो, मला इतका आनंद झाला, की माझा दिवा एकदम लागला.

नाना मात्र तयार होईनात. "तोंड देखाबिगर धंदा व्हस का, दिपमाला?"

"नाना, फोनवरच तोंड दिसत नाही. यात दिसतं."

"आनि हात कसा धरसू?"

"हाताचं नंतर बघू," म्हणत ती कामाला लागली. तिनं दोन गोष्टी केल्या. मिरचीचा नमुना पुडीत बांधून आधीच सुरतेला पाठवून दिला, कारण वास काही माझ्या वायरीतून जात नाही. आणि झुलालभाऊंच्या नातवाला फोन करून सोमवारी अकराची वेळ ठरवली.

सोमवारी दुकानात ही गर्दी! शेजारचा व्यापारी भिकन आला, हमाल रोहिदास पोत्यावर चढून बसला, देठ खुडणाऱ्या वच्छलाबाई दारात उभ्या. नाना नवी टोपी घालून खुर्चीत बसले. दुखरा पाय टेबलाखाली स्टुलावर ठेवलेला, तेवढा मला दिसत नव्हता. पलीकडून आवाज आला, "बन्सी, दिसस का मी?" आणि नानांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, झालं काम, जिंकलो आपण.

नमुना झुलालभाऊंना पसंत पडला. आता भाव. भिकन मान लांब करून बघू लागला. नानांचा हात आपोआप खांद्याकडे गेला, त्यांनी रुमाल ओढला आणि फट्‌दिशी माझ्या डोक्यावर टाकला! रुमालाखाली त्यांनी हात घातला आणि माझ्या डोळ्यासमोर बोटं उभी केली. अहो, मी एवढ्या जवळचं काय बघणार? लालसर अंधार आणि त्यात जाड जाड बोटं. सुरतेला तर नुसता काळोख. नाना वाट बघतायत, की पलीकडून बोटं दाबली जातील. तिकडे झुलालभाऊंना कळेना, की हा काळोख का केला. शेवटी "माले तोंड दाखाडानी लाज वाटस का याले?" एवढं ऐकू आलं आणि आवाज बंद.

दिपमालानं रुमाल काढला तेव्हा नानांचं तोंड एवढंसं झालं होतं. भिकन हसला, मग नाना भडकले. त्या यंत्राला खणात टाक म्हणाले. माझा तर जीव भांड्यात पडायच्या ऐवजी फुटायच्या बेताला आला.

पण दिपमाला कसली ऐकते! तिनं पहिल्यांदा सगळ्यांना दुकानाबाहेर काढलं आणि दार लोटलं. "नाना, आता बघायला कुणी नाही. बोटं उघडी दाखवा." मग तिनं पुन्हा व्हिडिओ कॉल लावला आणि नातवाला रुमालाची सगळी हकिगत सांगितली. पलीकडे झुलालभाऊ हसले, पण अर्धवटच. "रुमालनं ऱ्हाऊ दे. तू उना कसाले नही, ते सांग."

"काम व्हतं," न येण्याचं नानांनी जुनंच कारण दिलं. दोघंही गप्प. हे गप्प राहणं फोनवर असतं तर इथेच संपलं असतं, लिहून ठेवा. पण इथे ते एकमेकांना दिसत होते, म्हणून उठून जाणं दोघांनाही जमेना.

काहीतरी करायचं म्हणून नानांनी मूठभर मिरच्या घेतल्या आणि रंग दाखवायला माझ्यासमोर कडाकड मोडल्या. झाली चूक. तिखट उडालं, नाना शिंकले. दिपमाला शिंकली. दाराबाहेर रोहिदास शिंकला. पुन्हा नाना असे शिंकले, की टेबल हललं, माझा चिमटा सुटला आणि मी वायरीला उलटा लोंबकळलो. खाली काय दिसलं? स्टुलावर आडवा ठेवलेला पाय, गुडघ्याला जाड पट्टा, बाजूला काठी.

पलीकडून हळू आवाज आला, "बन्सी, तो पाय कोना शे?"

नाना मला उचलायला वाकू लागले, पण त्यांना वाकवेना. दिपमालाचा हात माझ्याकडे आला. आला आणि मध्येच थांबला. तिनं मला तसंच लोंबकळू दिलं. मित्रांनो, तो हात थांबला नसता तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नसती.

"मनाच शे," नानांनी कबूल केलं. "गुडघा कापेल शे. उठू देस नही."

 मग झुलालभाऊ मोबाइल धरून बसलेल्या नातवाला म्हणाले, "फोन जरा खाले कर." मला अर्थातच काही दिसलं नाही. दिपमालानं मला उचलून पुन्हा जागेवर बसवलं तेव्हा नानांचे डोळे भरलेले होते, आणि ते मिरचीनं नव्हते. बोलण्यातून मला कळलं, की तिकडे झुलालभाऊ खाटेवर होते. खुब्याचं हाड मोडून सहा महिने झालेले, खाटेशेजारी वॉकर. बन्सीनं आपल्याला असं बघायला नको, आणि तो आला नाही म्हणून रागही, असं दोन्ही धरून बसले होते. दोघंही आपापलं दुखणं लपवण्यापायी एकमेकांवर रुसले होते, बघा.

मग दोन म्हातारे आधी गुडघ्याबद्दल बोलले, नंतर डॉक्टरांबद्दल, नंतर साक्रीच्या बाजारातल्या एका जुन्या भजीवाल्याबद्दल. सौदा राहिलाच बाजूला. शेवटी झुलालभाऊंनी विचारलं, "मालनी निवड कोनी करी? देठ एक बी ऱ्हायना नही."

"मनी सूननी."

"मंग तिले बसाड समोर. मिरचीनं तिले ईचारसू, तू गुडघा सांभाळ."

नानांनी दिपमालाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी टेबल धरून, दात-ओठ खात, त्यांनी आपली खुर्ची हातभर बाजूला सरकवली. दिपमालानं पोतं ओढलं आणि ती माझ्यासमोर बसली. एक मिरची माझ्यासमोर धरून ती भाव बोलू लागली. त्या दिवशी आत चहा कुणीच केला नाही. सौदा ठरला आणि दुकान चालू राहिलं.

आता दर सोमवारी अकराला माझा दिवा लागतो. पहिल्यांदा हसलेला भिकन दुसऱ्या महिन्यात हे कसं करायचं ते स्वतः विचारायला आला. एरंडोलचे बियाण्यांचे व्यापारी नवलभाऊ आता धुळ्याच्या फेऱ्या न मारता, माझ्यासारखाच डोळा लावून आपल्या दुकानातूनच चार गावच्या लोकांशी बोलतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची गुंताबाई आपली आमचुराची पुडी घेऊन इथे येते आणि माझ्यासमोर बसून नाशिकच्या गिऱ्हाइकाशी असं बोलते, की मीच दचकतो. दिपमाला सगळ्यांना शिकवते, की खिडकीकडे पाठ करू नका, पंखा बंद करा, नमुना आधी पाठवा, आणि बोलताना माझ्या डोळ्यात बघा.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. माझ्या चिमट्याला दोरा बांधलाय आणि लाल तिखट माझ्या फटीत कायमचं बसलंय. माझी काळजी फार नाही लागत. मऊ फडक्यानं डोळा पुसा, वायर ओढू नका, काम झाल्यावर झाकून ठेवा, बस. पण घरी गेल्यावर तुमच्या आईबाबांना, दुकानातल्या काकांना माझं एवढं सांगा. ज्याच्याशी फोनवर बिनसलंय, त्याला तोडून टाकायच्या आधी एकदा माझ्यासारख्यासमोर बसा आणि त्यालाही बसवा. राग कितीही असू द्या. कोण जाणे, तिकडे त्यालाही जागचं उठता येत नसेल.