रिकामी बॅग, वजन अठ्ठावीस किलो

मी वजनकाटा बोलतोय. तोच, ज्याच्यावर चढण्याआधी माणसं चष्मा, घड्याळ आणि चपला काढून ठेवतात, आणि उतरल्यावर ज्याच्याकडे रागाने बघतात. पोट आत घेतलं की वजन कमी भरतं, असं समजणारी भली भली माणसं मी अंगावर घेतली आहेत.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंगा बसल्या, पाठीवर काळी रबरी चटई चिकटवली गेली आणि पुढे एक काचेची खिडकी आली. तिथून निघताना कोणीतरी माझ्यावर एक वजन ठेवून बघितलं. मी खरं बोललो. त्यानंतर आजतागायत मी एकदाही खोटं बोललेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्यावर नाही नाही ते आरोप झाले.

मला विकत घेतलं वजनमाप खात्यातल्या एका निरीक्षकांनी. दुकानदारांचे काटे तपासायचे आणि पारड्याला हळूच अंगठा लावणाऱ्याला पकडायचं, ही त्यांची नोकरी. दुकानात शिरल्यावर ते फक्त "हात मागे" म्हणत, आणि भल्या भल्या व्यापाऱ्यांना घाम फुटे. घरात त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. असा मालक मिळाल्याचा मला केवढा अभिमान होता.

मग लेकीला नोकरी लागली. समुद्रापलीकडे, जहाजं बांधायच्या कारखान्यात, चार वर्षांसाठी. घरात एक अवाढव्य निळी बॅग आली आणि घराची रयाच गेली. आईने पहिल्याच दिवशी बॅगेत कुकर ठेवला, कुकरात मोजे ठेवले आणि मोज्यांत औषधं ठेवली. काका रोज येऊन बसू लागले. ते फार पूर्वी आठ दिवस परदेशी राहून आले होते आणि त्या आठ दिवसांवर अजून बोलत होते. तिकडे उशा मिळत नाहीत, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. लगेच दोन उशा आल्या.

विमानात तेवीस किलो चालणार होते. बॅग माझ्यावर उभी केली की माझी खिडकी तिच्याखाली झाकली जायची. आकडा वाचायला कोणीतरी जमिनीवर पालथं पडून, गाल फरशीला टेकवून, बॅगेखाली टॉर्च मारायला हवा होता. हे काम अर्थातच बाबांचं. पहिल्या दिवशी ते खाली गेले आणि खालूनच आवाज आला, "एकतीस."

सामान काढायला सुरुवात झाली. उशा गेल्या. तरी तीस. कुकर गेला, आईचं तोंड उतरलं. तरी तीस. रोज संध्याकाळी काहीतरी बाहेर यायचं आणि रोज बाबा खालून तिशीच्या आसपासचा आकडा सांगायचे. वर येताना कपडे झटकत म्हणायचे, "बसत नाही ना वजन. कळवून टाक त्यांना. पुढच्या वर्षी बघू."

आता तुम्हाला खरं काय ते सांगतो. बॅगेखालच्या अंधारात बाबांनी माझ्या कडेवर अंगठा ठेवला होता. ज्या अंगठ्याच्या शोधात त्यांचा जन्म गेला, तोच. सामान कमी झालं तसा अंगठ्याचा पंजा झाला आणि पंजाचं कोपर झालं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त आकडा दाखवता येतो, आणि तो आकडाही त्यांच्या कोपरासकट अगदी खरा होता.

लेक रडकुंडीला आली. कपडे, बूट, पुस्तकं सगळं पलंगावर ओतून तिने नुसती रिकामी बॅग माझ्यावर उभी केली.

"अठ्ठावीस," बाबा खालून म्हणाले.

तुम्हाला वाटेल, आता तरी घरात कोणाला शंका आली असेल. छे. एवढ्या काटेकोर माणसावर संशय कोण घेणार? काका म्हणाले, बॅगेत हवा भरली आहे, हवेलाही वजन असतं. मग दोघा-तिघांनी बॅगेवर बसून हवा काढली. आई म्हणाली, बॅगेला ओल धरली असेल. ती दिवसभर उन्हात टाकली. संध्याकाळी वजन एकोणतीस भरलं. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. काटा बिघडलाय, भंगारात द्या. एवढ्या वर्षांच्या खरेपणाचं हे फळ, मला फार लागलं ते.

लेक म्हणाली, टाकण्याआधी एकदाच परत बघू. बॅग ठेवली. बाबा खाली गेले, डोळे मिटून त्यांनी कोपर रोवलं. तेवढ्यात कुलूप बघायला म्हणून लेकीने बॅग उचलून बाजूला घेतली.

"अठ्ठावीस," बाबा म्हणाले.

माझ्यावर बॅग नव्हती. उघड्यावर मी होतो आणि माझ्यावर एक कोपर होतं. काकासुद्धा वाकून बघू लागले.

लेक त्यांच्या शेजारी फरशीवर पालथी पडली, त्यांच्यासारखाच गाल टेकवून.

"बाबा, बॅग नाहीये वर."

"माहितीये."

"मग?"

"चार वर्षं फार होतात गं," बाबा म्हणाले. "मला नाही झेपत."

ती तशीच पडून राहिली. रडली. तेही रडले, आणि त्या सगळ्या वेळात कोपर उचलायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मग ती उठली आणि तिने बॅग पुन्हा भरली. आईचा कुकरही त्यात बसला. बॅग माझ्यावर ठेवून ती म्हणाली, "वाचा आता. हात मागे."

बाबांनी दोन्ही हात पाठीवर बांधले, खाली वाकले, आणि बराच वेळ वाचत राहिले.

"बावीस," ते म्हणाले. "जाऊ शकतेस."

ती गेली. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला सुतळीने आडवं-उभं बांधलं, गाठीवर लाखेचं सील मारलं आणि कपाटावर ठेवलं. खोटं वजन निघालेला काटा नियमाप्रमाणे जप्त होतो म्हणे.

आई म्हणाली, "अहो, त्याने काय केलंय? केलंत तुम्ही."

"त्याचीच चौकशी होणार आहे."

"कधी?"

"ती आली की. साक्षीदार तीच आहे ना."

तर असा मी इथे पडून आहे, अंगावर धूळ, गुन्हा दुसऱ्याचा. वर चढून कोणी माझं सील तोडू नका. मी निर्दोष आहे, पण मला घाई नाही. तुमच्यापैकी कोणी समुद्रापलीकडे जात असेल, तर जहाजांच्या कारखान्यात तिला एवढंच सांगा, की तिच्या साक्षीवाचून इथे खटला अडून राहिलाय.