रातूंपेक्षा उंच

सभागृहाच्या दाराशी सिमेंटचा उतार मी स्वतः उभा राहून करून घेतला. गावप्रमुख ना मी! आठवडाभर भेटेल त्याला उतार दाखवत मिरवलो. "आता कुणीही सभेला येईल," असं चर्चमध्येही सांगून मोकळा झालो.

सभेच्या दिवशी माझी धाकटी बहीण केलेरा चाकांची खुर्ची स्वतः ढकलत त्याच उतारावरून आत आली. पुढच्या वादळात तिच्यासारख्यांना कोण सोडवणार, हे तिला रातूंना, म्हणजे आमच्या सरदारांना, विचारायचं होतं. रातू राहतात राजधानीत, सुव्हाला, गावात येतात वर्षातून एकदा.

आत सगळे चटईवर, रातूसुद्धा. केलेराचं डोकं रातूंच्या डोक्यापेक्षा हातभर वर गेलं. पुढच्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सभेत फिरणाऱ्या यांगोना पेयाची वाटी मी न पिताच खाली ठेवली. सरदारापेक्षा उंच बसायचं नसतं हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. उतार बांधताना माझ्या टाळक्यात ते एकदाही आलं नव्हतं.

मी वाकत वाकत तिच्यापाशी गेलो. "केलेरा, खाली बस."

"बसले तर आडवी होते. माझी पाठ धरत नाही, माहीत नाही तुला?"

"मग दाराबाहेरून बोल."

"बाहेरूनच बोलायचं तर उतार कशाला बांधलास, दादा? बकऱ्यांना?"

मागच्या बायका फिसकन हसल्या. मला राग आला, तिचा नाही, माझाच. "चल, मी धरतो तुला," मी म्हणालो.

तिला उचलून चटईवर ठेवलं आणि मागे बसून तिचे खांदे धरले. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही. तेव्हाही एवढंच करायचं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

तिने रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. "रातू, मागच्या वादळात सगळं गाव शाळेत नेलं. तिथे पायऱ्या, खुर्ची चढत नाही. मला म्हणाले, थांब, परत येतो. समुद्राचं पाणी घरात गळ्यापर्यंत आलं. मी खिडकीचा गज धरून होते. येतो म्हणणारा आला वादळ गेल्यावर."

उठून पळावंसं वाटलं. पण हात काढले असते तर ती सगळ्यांदेखत कोसळली असती.

"कोण तो?" रातूंनी विचारलं.

"तुमचा गावप्रमुख. माझ्या मागेच बसलाय. का नाही आला, त्यालाच विचारा."

"भ्यालो मी," एवढंच तोंडातून निघालं. माझ्या हातांखाली तिचे खांदे हलायला लागले; ती रडत होती.