चौकटीबाहेर आलेले मूळ

मित्रांनो, रोपे दाबून वाळवायची जुनी लाकडी चौकट तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल, तर मला पाहा. पट्ट्यापट्ट्यांच्या दोन फळ्या, मधे टिपकागद आणि भोवती आवळायला दोन चामडी पट्टे, एवढाच माझा संसार.

मला एका सुताराने आपल्या लेकीसाठी घडवले. लेक वनस्पतींची अभ्यासक. ती डोंगरातून रोपे आणायची आणि बाबा रोज सकाळी माझे ओले कागद बदलायचे. कागद ओले राहिले की रोपाला बुरशी धरते. हात थरथरू लागल्यावर बाबांनी रंधा सोडला, पण हा नेम कधी चुकवला नाही.

एकदा लेकीने खडकाळ उतारावरून जांभळ्या फुलांचे एक रोप आणले. सेज नावाच्या सुवासिक झुडपाचे ते रानातले भावंड. आपल्या देशात त्याची नोंद कुठेच नव्हती! बहर सरत आला होता, फुललेले असे हे एकच सापडले होते. तिने एक फूल उघडून दाखवले. मधमाशी आत शिरली, की आतला इवला दांडा कलतो आणि तिच्या पाठीवर पराग टेकवतो.

"अगं, ही तर बिजागरी!" बाबा हरखले. "तेल नाही, कुरकुर नाही. हिचा कारागीर आमच्यापेक्षा फार मोठा गं."

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली. रोप उंच होते. मूळ आणि तळाची पाने माझ्या कडेबाहेर लोंबत होती, ती संध्याकाळी नीट लावायची असे तिने ठरवले होते. पण सुताराच्या डोळ्याला बाहेर आलेले काही खपत नाही. बाबांनी चाकू घेतला आणि ते कडेशी सफाईने उडवले. मला बोलता आले असते तर!

संध्याकाळी लेकीने माझे पट्टे सोडले. "बाबा, मूळ कुठंय?"

"काढून टाकलं. केराची गाडीही येऊन गेली. कसं काटकोनात बसलंय बघ!"

"मूळ आणि खालची पानं नसली तर वनस्पतींचं संग्रहालय नोंद मान्य करत नाही हो बाबा."

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तुझं नाक कापलं."

"नाक नाही, पाय कापलेत," ती रडता रडता हसली.

पहाटे दोघे निघाले. मी लेकीच्या पाठीवर. उतारावर नुसत्या वाळक्या काड्या होत्या. दुपारी बाबा दमून एका खडकाआड सावलीत टेकले आणि एकदम ओरडले, "पोरी, हात चिकटला! काल चाकू पुसताना या रोपाच्या चिकाने अस्साच चिकटला होता!"

त्या सावलीत बहर मागे राहिला होता. तीन रोपे, फुलांसकट. दोन तिथेच ठेवून लेकीने एक मुळासकट उचलले आणि माझ्यावर ठेवले. मूळ पुन्हा बाहेर आले. बाबांनी थरथरत्या बोटांनी खोड हलकेच दुमडले. सगळे रोप आत आले. नोंद मान्य झाली.

आता बाबा नाहीत. लेकीकडे वाळवणयंत्र आले आहे आणि मी कपाटावर धूळ खाते. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, माझ्यासारखी एखादी चौकट तुमच्या हाती आली, तर तिला ऊन दाखवा, तिचे कागद रोज बदला. आणि एखादे रोप तिच्यात मावत नसेल, तर चाकू शोधू नका. थोडे थांबा, त्याला हळूच दुमडा. मूळ असू द्या.