एकशे सत्त्याऐंशी निमित्तं

माऊसच्या चाकावरचं रबर एका बाजूने सुटलं होतं. चाक फिरवलं की ते बोटाच्या पेराला अडकायचं, सुटायचं, पुन्हा अडकायचं — खाली, अजून खाली — आणि पडद्यावरची यादी काही संपायची नाही. 'आईच्या स्मरणार्थ.' 'मातोश्रींच्या स्मरणार्थ.' 'आईसाठी.' 'आई गेली म्हणून.' 'आई, म्हणजे सासूबाई.' वृषालीने बोट उचललं, पेरावरची काळसर रेघ ओढणीला पुसली आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढेही ओळी वर सरकतच होत्या.

एकशे सत्त्याऐंशी. सकाळी आल्याबरोबर मोजल्या होत्या तिने. संध्याकाळी पाचच्या आत त्यांच्या बारा करायच्या होत्या.

मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलींनी मागे राहून शाळा शिकावी म्हणून जुन्नरच्या जुन्या पेठेमागे संस्थेने वसतिगृह काढलं होतं, आणि त्याच्या तळमजल्यावरच्या या खोलीत देणगीदारांची सगळी नोंद वृषालीकडे असायची. नाव, गाव, काय दिलं, आणि शेवटचा रकाना — निमित्त. त्या रकान्यावर टिचकी मारली की खाली यादी उघडायची आणि तीतून एक ओळ निवडायची. सोपं होतं. पण वृषालीच्या आधी इथे बसणारे सावळेराम अण्णा माणूस जे बोलेल ते तसंच्या तसं लिहायचे; यादीत नसलं तर नवी ओळ घालायचे. आपण कोण कुणाचं बोलणं सुधारणारे, म्हणायचे. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि यादी तशीच राहिली — 'बिबट्या दारात येऊन माघारी गेला.' 'टोमॅटोला भाव मिळाला.' 'भावाभावांचं बोलणं सुरू झालं.' 'पोरगी नापास झाली पण घरी आली.' 'नवस नाही, सहज.'

संस्थेची नवी व्यवस्थापक तेजस्विनी जेमतेम तिशीची, पण कामाला चोख. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मागच्या महिन्यात कुणाचा तरी हात एक ओळ वर घसरला आणि लेकीच्या लग्नानिमित्त पोतंभर तांदूळ देणाऱ्या माणसाला संस्थेचं सांत्वनाचं पत्र गेलं. तो माणूस पत्र हातात घेऊन दारात आला होता. भांडला नाही. नुसता विचारत राहिला, की यात माझ्या लेकीचं नाव का आहे... सोमवारपासून नवी प्रणाली येणार होती, तिच्यात बाराच ओळी, आणि 'इतर' ही ओळ नको, कारण 'इतर' ठेवलं की सगळे तेच निवडतात. वृषालीला तेजस्विनीचा राग येत नव्हता. राग यायलाही अंगात थोडी ताकद उरावी लागते.

जुनी ओळ निवडायची, ती कुठल्या नव्या ओळीत जायची ते सांगायचं, 'विलीन करा' दाबायचं. आई गेली. मातोश्री गेल्या. सासूबाई गेल्या. सगळ्या 'स्मरणार्थ'मध्ये एकापाठोपाठ एक, आवाज न करता. बिबट्या 'आरोग्य व सुरक्षितता'मध्ये गेला. नापास झालेली पोरगी... वृषालीचं बोट थांबलं. 'शैक्षणिक यश'? तिने ती तिथेच टाकली आणि पुढे गेली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत यादी चाळिसावर आली होती आणि तिच्या मानेत एक तार ताणल्यासारखी दुखत होती. ही तार नवीन नव्हती. रात्री दादांना कुशीवर वळवताना ती ताणायची, पहाटे कपडे पिळताना, सकाळच्या एसटीत खांबाला धरून उभं राहताना...

दादा, म्हणजे तिचे वडील, भगवंत. नारायणगावजवळ वारूळवाडीच्या घरी दिवसभर शेजारच्या रतनबाई त्यांच्याजवळ बसायच्या, सहा वाजले की निघून जायच्या, म्हणून वृषालीला साडेपाचची गाडी चुकवून चालायचं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या आजारपणानंतर दादांचं शरीर हळूहळू थोडंफार परत आलं, पण बाकीचं काहीतरी वाटेत राहिलं. ती घरात शिरली, हातपाय धुऊन त्यांच्या खाटेजवळ गेली की ते सावरून बसायचे, परक्या बाईसमोर बसावं तसे, आणि अदबीने विचारायचे, "तुमी कुणाच्या?"

तुमचीच, असं ती म्हणायची. रोज. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा उठून स्वयंपाकघरात निघून गेली होती. आता हसूनसुद्धा म्हणता यायचं. त्यावर ते मान हलवायचे — बरं बरं, बसा, चहा घ्या. मग ती त्यांना खुणा सांगत बसायची: विहिरीवरचं रामफळाचं झाड, तिच्या पायाला विंचू चावला तेव्हा त्यांनी खांद्यावरून नारायणगावला नेलं होतं ते, आईचं नाव... डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा, एखाद दिवशी एखादा धागा लागेल. एखाद दिवशी. ती सगळे धागे पुढे करायची, आणि त्यांच्या डोळ्यांत नुसतं सौजन्य असायचं.

तीन वाजता यादीत तेरा ओळी उरल्या. बारा नव्या, आणि एक.

'भरत येईपर्यंत.'

ती ओळ सकाळपासून ती मागे ठेवत आली होती. तिच्यावर अकरा नोंदी होत्या, अकराही एकाच बाईच्या. महाळुंगे पडवळच्या ठकूबाई. त्यांचा भरत अकरा वर्षांपूर्वी मेंढरांबरोबर कोकणात उतरला आणि तिथून एका सकाळी वाड्यावरून, मेंढपाळांच्या तळावरून, जो निघाला तो परत आला नाही. चौकीत तक्रार झाली, फोटो लागले, माणसं ओढ्यानाल्यांतून फिरून आली. त्या वर्षीच्या थंडीत ठकूबाईंनी घरी कातलेल्या लोकरीची एक घोंगडी विणून घेतली आणि वसतिगृहाला आणून दिली. कशाबद्दल लिहू, असं अण्णांनी विचारलं, आणि त्या जे म्हणाल्या ते अण्णांनी लिहिलं. मग दर वर्षी एक घोंगडी.

कुठे टाकायची ही ओळ? 'स्मरणार्थ'वर बाण नेला आणि वृषालीने तो तसाच मागे घेतला. एक बटण, आणि अकरा वर्षं जो येणार आहे तो गेलेला होईल — मी कोण हे करणारी? एका आईचं वाट बघणं कुणीतरी जपायला नको का? या अख्ख्या यादीत एवढी एक ओळ जपली तर काय बिघडतं? तिला स्वतःचंच नवल वाटलं, इतक्या दिवसांनी अंगात काहीतरी उसळत होतं. ती तेजस्विनीकडे जाऊन भांडणार होती, तेरावी ओळ राहू द्या म्हणून. फक्त आधी ठकूबाईंशी बोलून घेऊ, म्हणजे बोलायला आधार होईल.

नोंदीतल्या नंबरावर त्यांच्या सुनेने, हिराने, फोन उचलला. भरतची बायको. वृषालीने कोण, कुठून ते सांगितलं, आणि भरतचं नाव काढलं तशी पलीकडे हिराने फोन बाजूला धरला. मग लांबून तिची हाक आली — आत्याबाई, हास्टेलचा फोन हाय — आणि चारा कापायच्या कडबाकुट्टीची घरघर बंद पडली.

वृषालीने सावकाश समजावलं. नवी पद्धत आली आहे, ओळी कमी करायच्या आहेत. "मावशी, तुमच्या घोंगडीपुढे 'भरत येईपर्यंत' असं लिहिलंय. ते काढायला सांगतायत. तुम्ही म्हणाल तर मी ते राहू देते."

"आजून हाय व्हय तिथं ते?" ठकूबाई म्हणाल्या.

"आहे की."

"त्या अण्णांनी माझ्याम्होरंच ल्हिवलं व्हतं. तवा म्हनले व्हते मी तसं. म्हनून दर साली पत्रात येतंय व्हय. हिरा वाचती आन् घडी घालून ठिवती. काय बोलत न्हाई."

आभाराचं पत्र. निमित्ताची ओळ त्यात आपोआप उमटायची. गेल्या सहा वर्षांची सहा पत्रं वृषालीने स्वतः पाकिटात घातली होती, जीभ फिरवून चिकटवली होती... आणि सहाही वेळा ठकूबाई या समोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या, घोंगडी मांडीवर घेऊन, चहा प्यायल्या होत्या, मेंढरांच्या खुरांच्या रोगाबद्दल बोलल्या होत्या. भरतचं नाव त्यांनी काढलं होतं का? एकदा तरी? त्या उठून गेल्यावर मी यादी उघडायचे आणि त्यांच्या वतीने तीच ओळ निवडायचे. विचारायचं मला सुचलंच नाही.

"मावशी, माझं चुकलं," ती म्हणाली.

"तुझं काय चुकायचंय. मी न्हाई बघत आता वाट. कवा थांबले ते बी ध्यानात न्हाई. लई वर्सं झाली, बाई."

"मग... स्मरणार्थ लिहू का?" हे विचारताना वृषालीचा आवाज खाली गेला.

"नगं. मेला आसं कुनी सांगितलंय? ठाव न्हाई त्ये कशाला ल्हिवायचं."

"मग घोंगडी कशाबद्दल देता, ते सांगा. मी काय लिहू?"

ठकूबाईंना प्रश्नच नीट कळला नसावा. लहान पोराला सांगावं तशा त्या म्हणाल्या, "थंडी पडती की गं. पोरी फरशीवर झोपत्यात."

पलीकडे पुन्हा कडबाकुट्टी सुरू झाली. फोन ठेवल्यावर वृषाली हात मांडीवर टाकून बसून राहिली. भांडायला जायचं होतं. ते कुठेच उरलं नव्हतं.

पाचला तेजस्विनी आली, वाकून यादी पाहू लागली. अजून एक राहिली, वृषाली म्हणाली, आणि रकाना कोरा ठेवता येतो का ते विचारलं. तेजस्विनीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कोरा ठेवू नये शक्यतो, ती म्हणाली, पण ठेवता येतो. पत्रात मग काहीच उमटणार नाही. वृषालीने अकरा नोंदी एकेक करून उघडल्या आणि अकराही कोऱ्या केल्या. यादी बाराची झाली. तेजस्विनी छान झालं म्हणाली, आणि खरंच छान दिसत होती ती यादी, एका नजरेत मावणारी.

एसटी स्टँडवर शाळा सुटलेल्या मुलींची गर्दी होती. वृषाली सिमेंटच्या बाकावर टेकली. आत्ता रतनबाई दिवा लावत असतील... दादा खाटेवर उठून बसले असतील. आज काय सांगायचं त्यांना? रामफळाचं झाड की विंचू? — आणि नेहमीच्या सवयीने तिने मनात त्या जागी हात घातला, जिथे रोज या वेळी काहीतरी दुखून यायचं, की आज ओळखतील का, आज तरी... आणि तिथे काहीच नव्हतं. तिने पुन्हा चाचपलं. दुखतं का? नाही. मग कधीपासून नाही? गेल्या दिवाळीत होतं. होतं ना? की तेव्हाही मी नुसतीच म्हणत होते, 'तुमचीच', आणि खुणा सांगत होते, जशी पत्रं पाकिटात घालत होते...

तिला भीती वाटली. लेकीने असं थांबायचं असतं का, इतकं न कळत? आणि त्या भीतीच्या खालून, हळूच, लाज वाटावी असं काहीतरी सैल होत होतं. तिथे दादा होते, नुसते. म्हातारे, पाय गार पडणारे, चहाला बसा म्हणणारे. त्यांच्याकडून तिला काही हवं नव्हतं. हे प्रेम उरलं होतं की संपलं होतं, तिला सांगता येईना.

नारायणगावची साडेपाचची गाडी लागली. मुली धावल्या, खिडकीतून दप्तरं आत गेली, कंडक्टरने दोनदा हाक दिली. चढायला हवं, तिला कळत होतं. रतनबाई सहाला निघतील. ती बाकावरून उठली नाही. दार लागलं, गाडी वळण घेऊन बाहेर पडली, आणि मागे उरलेल्या धुरळ्यात वृषाली दोन्ही हात मोकळे ठेवून बसून राहिली. पुढची गाडी कधीची, हे तिने कुणाला विचारलं नाही.