चालत्या गाडीचा त्याग

सायलेन्सरच्या तोंडाला मातीचं बूच बसलं होतं. रंग फिकट विटकरी, कडा गोल, वरची बाजू बोटानं सारवल्यासारखी. त्रिशलानं बॅटरीचा उजेड तिरका धरला तेव्हा त्यावर बारीक वळ्या दिसल्या. एकेक वळी म्हणजे कुंभारमाशीनं तोंडात धरून आणलेल्या ओल्या मातीची एकेक गोळी. भोक कुठंच नव्हतं. म्हणजे आतली पिल्लं अजून आतच होती.

"अण्णा, हितं माशीनं घर केलंय," ती म्हणाली. "पिल्लं बाहेर पडली न्हाईत अजून."

नेमिनाथ गुडघ्यावर हात टेकून वाकले, त्यांनी बघितलं आणि दुसऱ्याच्या बंद दारापाशी उगाच उभं राहिल्यासारखे चटकन मागं सरकले.

मष्णूला यात अडचण काय ते कळलं नाही. तो निपाणीत स्टँडजवळ गॅरेज चालवायचा आणि जुनी येजडी मोटारसायकल बघायला म्हणून मुद्दाम गावात आला होता.

"सायलेन्सर काढायचा आणि टाकायचा भट्टीत," तो म्हणाला. "काजळी बी जळती, माशा बी जातात. टू-स्ट्रोक गाडीला हाच इलाज, मामा."

"मष्णू, च्या पिऊन जा," स्वयंपाकघरातून शालनबाईंचा आवाज आला. "पण ह्या दारात पुन्यांदा जाळायची भाषा काढू नगंस."

मष्णूनं मुकाट्यानं कपबशी घेतली. "मग कवा साफ करणार?"

"त्यास्नी जायचं तवा ती जातील," नेमिनाथ म्हणाले. त्यांच्या आवाजात मोकळं झाल्याचा आनंद होता आणि तो लपवायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत.

शालनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "बघ गं त्रिशला. आता माशा बी तुझ्या बाच्या बाजूनं."

त्या असं म्हणाल्या त्याला कारण होतं. नेमिनाथांनी वाहनत्यागाचं व्रत घ्यायचं ठरवल्याला बरीच वर्षं झाली होती. एकदा व्रत घेतलं की मरेपर्यंत कुठल्याही गाडीत पाय ठेवायचा नाही, जायचं तिथं चालत जायचं. चातुर्मासाला महाराज जैन बस्तीत, म्हणजे गावच्या मंदिरात, उतरले की दर वर्षी विषय निघायचा आणि दर वर्षी नेमिनाथ हात जोडून एकच उत्तर द्यायचे. "माझी स्वतःची गाडी बंद पडून हाय महाराज. बंद गाडीचा कसला त्याग? बस सरकारची, ती सोडली तर माझं काय गेलं? गाडी चालती करतो, मग सोडतो." महाराज हसायचे. गावातली माणसंही हसायची, पण म्हणणं खोटं आहे असं कुणाला म्हणता यायचं नाही.

गाडी मात्र गोठ्याशेजारच्या खोपटात तशीच उभी राहिली. तंबाखूच्या व्यापारात असताना नेमिनाथ याच येजडीवरून गावोगाव जर्दा बघत हिंडलेले. धंदा थांबला, गाडी थांबली आणि तिच्यावर आधी पोती, मग कडबा, मग शेणाची जुनी पाटी असं एकेक चढत गेलं. यंदा उन्हाळ्यात त्रिशलानं ते सगळं खाली उतरवलं.

त्रिशला बेळगावात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि पिरनवाडीत एकटी राहायची. शनिवारी दुपारी बसनं गावी यायची. तिला यंत्राची हौस होती, एवढंच तिनं घरी सांगितलं. खरं म्हणजे तिच्या मनात दोन गोष्टी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. गाडी चालू झाली पाहिजे, तो आवाज पुन्हा ऐकला पाहिजे, ही एक. आणि गाडी चालू झाली की अण्णा वाहन सोडणार, मग पिरनवाडीच्या तिच्या दारात ते कधीच येणार नाहीत, ही दुसरी. सत्तरीकडं झुकलेला माणूस निपाणीहून बेळगावला चालत येत नाही.

तरीही काम हातात घेतल्यावर ते वाईट करणं तिला जमण्यातलं नव्हतं.

येजडीला सायलेन्सर दोन. माशीचं घर असलेला त्यांनी हलकेच काढला आणि होता तसाच, त्याच उतारात, खोपटातल्या फळीवर सावलीत ठेवला. दुसरा त्रिशलानं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवला. सकाळी काढला तेव्हा काजळी काळ्या सायीसारखी सुटून आली आणि आतून चकचकीत पोलाद दिसलं. नेमिनाथ बघत राहिले.

"जाळल्याबिगर निघाली की गं."

"त्यात अल्युमिनियमचं काय टाकू नका मातर. ते विरघळून जाईल," ती म्हणाली.

"तुझी आई टाकंल एखादं भगुलं."

"मी कशाला टाकू?" शालनबाई म्हणाल्या. "मला काय कुटली गोष्ट लांबवायची हाय व्हय?"

पिस्टन गंजून बसला होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं आणि आठवडाभर मुरू दिलं. पुढच्या शनिवारी त्रिशलानं गियर टाकून मागचं चाक दोन्ही हातांनी ढकललं. हललं नाही. नेमिनाथांनी धोतराचा सोगा खोचला आणि तिच्याशेजारी हात लावला. दोघांनी मिळून जोर दिला तेव्हा आतून 'टक' असा छोटासा आवाज आला आणि चाक बोटभर फिरलं. दोघं एकमेकांकडं बघून लहान पोरांसारखी हसली.

"हललं," नेमिनाथ म्हणाले. "शालन, हललं बघ."

"मन का गाडी?" आतून आवाज आला.

त्यानंतर त्यांना दम निघेना. ब्रेकचे लायनर, नवे टायर, नवी वायरिंग. त्रिशला बेळगावात हिंडून एकेक वस्तू आणायची आणि नेमिनाथ खोपटाच्या दारात वाट बघत उभे असायचे. चिकोडीच्या आरटीओत जाऊन तिनं कागदही नवे करून आणले. टाकीवरचा मूळ मरून रंग घासता घासता खालून उजळला, तेव्हा नेमिनाथांनी त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. 

मग एका शनिवारी ती आली तर मातीच्या बुचाला भोकं पडली होती. वाटाण्याएवढी, स्वच्छ, गोल. नेमिनाथांनी काडीनं नव्हे, मोराच्या पिसानं आत चाचपून बघितलं. घर रिकामं होतं.

"गेली," ते म्हणाले. चेहऱ्यावर आनंद होता की आणखी काही, ते तिला ठरवता आलं नाही.

"आता कुणाच्या नावावर ढकलणार?" शालनबाईंनी विचारलं.

माशीचा सायलेन्सरही सोड्यात साफ झाला आणि पुढच्या रविवारी सकाळीच गाडी जोडून तयार झाली. पेट्रोलात ऑईल मिसळून टाकी भरायचं काम नेमिनाथांनी आदल्या दिवशीच केलं होतं. येजडीत किक आणि गियर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर उचलला की किक होते, खाली पाडला की गियर. नेमिनाथांच्या पायाला ते जसंच्या तसं आठवत होतं. पहिली किक कोरडी. दुसरी कोरडी. नंतरच्या एका किकेला इंजिन खोकलं, निळा धूर आला, आणि अंगणात डुग डुग डुग असा तो आवाज उभा राहिला. गोठ्यातली म्हैस दावं ताणून मागं सरकली. नेमिनाथांनी वेगाची मूठ पिळली.

इंजिन विझलं.

पुन्हा मारली. पुन्हा लागलं, पुन्हा मूठ पिळताच विझलं. दुपार झाली तरी तेच. नेमिनाथांचा सदरा पाठीला चिकटला.

"ऱ्हाऊ दे," शेवटी ते म्हणाले. "तिला न्हाय यायचं तर न्हाय." आणि हातपाय धुवायला मागं गेले.

त्रिशलानं कार्बुरेटर उतरवला. खालची वाटी काढली, जेट सोडवला आणि उजेडाकडं धरला. इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या पितळेच्या त्या तुकड्याला मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक असतं. पलीकडचा उजेड दिसायला हवा होता, तो दिसेना. तिनं भिंग लावलं. आत पांढऱ्या तंतूंचा बारीक गुंता होता.

कापूस.

तिनं मान वर केली. समोर तारेवर आईचं पाणी गाळायचं दुपदरी गाळणं वाळत होतं आणि त्यावर पिवळट डाग होता. तिला सगळं लख्ख कळलं. अण्णांनी पेट्रोल गाळून भरलं होतं. जन्मात ज्या माणसानं न गाळलेलं पाणी प्यायलं नाही, तो टाकीत न गाळलेलं पेट्रोल कसं ओतेल? जुन्या कापडाचे तंतू सुटले आणि जेटमध्ये येऊन अडकले. इंजिन मंद चालायचं, कारण तेव्हा पेट्रोल दुसऱ्या वाटेनं येतं. जोर मागितला की उपाशी मरायचं.

जेट तिच्या बोटांच्या चिमटीत होता. अंगणात कुणी नव्हतं. तो तसाच परत बसवला तर यंदाचा चातुर्मास निघून जाईल. दिवाळीला अण्णा बसनं पिरनवाडीला येतील, खिडकीतल्या तिच्या कुंड्या बघतील, बेळगावचं पाणी जड आहे म्हणून कुरकुर करतील. खोटं बोलायचीही गरज नव्हती. फक्त गप्प बसायचं होतं.

तिनं जेट ओठांपाशी धरला आणि जोरात फुंकला. गुंता उडाला. पलीकडून उजेडाचा एक टोकदार ठिपका डोळ्यात आला.

टाकी रिकामी करून, कॅनमध्ये उरलेलं पेट्रोल तिनं बारीक जाळीतून पुन्हा भरलं. नेमिनाथ पंच्यानं तोंड पुसत आले तेव्हा ती हात पुसत होती.

"अण्णा, पेट्रोल कशातनं गाळलंसा?"

"गाळण्यातनं. दुपदरी करून. का?"

"माझ्या गाळण्यातनं?" शालनबाई बाहेर आल्या. "तरीच म्हटलं वास कसला मारतोय. पेट्रोलात कुटला जीव असतोय हो?"

"सवय गं," नेमिनाथ ओशाळले. "हातानं आपसूक घेतलं."

"मारा आता किक," त्रिशला म्हणाली.

एकाच किकेत लागलं. त्यांनी मूठ पिळली आणि दोन्ही सायलेन्सर एकदम मोकळ्या गळ्यानं ओरडले. नेमिनाथांनी मूठ सोडली, पुन्हा पिळली. मग तिच्याकडं बघून मानेनंच मागं बस म्हणून सांगितलं.

"दिवस बुडायच्या आत या," शालनबाई म्हणाल्या. "जेवाण झाकून ठेवणार न्हाय मी."

हायवेला लागल्यावर त्रिशलाला वाटलं, अण्णा सांभाळून जातील. गेले नाहीत. वारा कानात भरला, दोन्ही बाजूंची उसाची रानं मागं पळायला लागली. तवंदी घाटाच्या चढाला समोर पत्र्यांनी लादलेला ट्रक रांगत होता. नेमिनाथांनी दांड्यावर टाच मारून गियर उतरवला, इंजिनानं खालचा सूर धरला आणि येजडी ट्रकाच्या कडेनं सरळ वर निघाली. ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून दाद दिली. अण्णांचे खांदे हलताना दिसले. ते हसत होते. तिनं त्यांना असं हसताना कधी बघितलं होतं ते तिला आठवेना. आपणही मोठ्यानं हसतोय हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

घाटावरच्या स्तवनिधीच्या बस्तीत दर्शन घेतलं. बाहेर येऊन ते गाडीशेजारच्या कठड्यावर बसले. इंजिन निवताना टिक टिक वाजत होतं.

"लई चांगली झाली गं गाडी," ते म्हणाले. "आता चालती गाडी हाय. आता बोलायला जागा न्हाय उरली."

"व्हय," ती म्हणाली.  हा निरोप चालला आहे असं तिला वाटलं आणि येताना तिनं त्यांच्या सदऱ्याची कड घट्ट धरून ठेवली.

घरी आले तेव्हा ऊन अजून कौलांवर होतं. शालनबाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. ताटाशेजारी पाटावर तांदूळ आणि त्यावर श्रीफळ. व्रत मागायला महाराजांपुढं ठेवतात ते.

"आवाज आला घाटाकडनं येताना," त्या म्हणाल्या. आज आवाजात टोमणा नव्हता. "उद्या सकाळी बस्तीत जाऊ. मी सगळ्यास्नी सांगून ठेवलंय."

नेमिनाथांनी हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते आणि डोळे अजून रस्त्यावर असल्यासारखे चमकत होते. त्यांनी श्रीफळाकडं बघितलं, त्रिशलाकडं बघितलं आणि बायकोसमोर भुईवर मांडी घालून बसले.

"शालन, इतकी वर्षं मी गाडीच्या आड लपलो," ते म्हणाले. "बंद गाडीचा त्याग कसा करू म्हणायचो, लोक हसायचे, मी बी हसायचो. आज घाटात कळलं. सोडायचं ते आधी मनातनं उतरावं लागतंय. माझ्या मनातनं काय बी उतरलेलं न्हाय. मन गाडीवर ठेवून पायानं चालायचं, हे व्रत न्हवं, ही फसवणूक. महाराजांची न्हवं, माझी सोताची."

 शालनबाईंचा हात ताटाच्या कडेवर थांबला होता.

"उद्या बस्तीत जाऊ. पर श्रीफळ हितंच ऱ्हाऊ दे. मी वाहन सोडणार न्हाय."