बोल्टाखालचा निळा रंग

मी एक जुनी काळी वायर आहे. मोटारसायकलच्या सीटखाली राहते. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही. इतर वस्तू तुम्हाला आपली कहाणी डोळे पुसत सांगतात. मला रडू येत नाही, मला राग येतो. तो का येतो हे ऐकून घ्याच, कारण उद्या तुमच्यातलंच कुणीतरी गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघेल, आडवाटेला गाडी बंद पडेल, आणि तो माझ्याकडे ढुंकूनही न बघता बॅटरीला शिव्या घालत बसेल.

एका कारखान्यात तांब्याच्या बारीक तारा एकत्र पिळून मला घडवलं. वरून काळं आवरण चढवलं आणि दोन्ही टोकांना एकेक गोल कडी बसवली. एक कडी बॅटरीच्या मायनसला, दुसरी गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टानं आवळलेली. मेकॅनिक मला अर्थिंगची वायर म्हणतात. बॅटरीतला करंट लाल वायरीनं बाहेर पडतो, दिवा पेटवतो, हॉर्न वाजवतो, इंजिन फिरवतो आणि सांगाड्यातून माझ्या वाटेनं बॅटरीत परत येतो. परत यायला वाट नसेल तर तो मुळात निघतच नाही. इतकी साधी गोष्ट आहे ही! पण लाल वायरीला टोपी, लाल वायरीला फ्यूजचा पहारा, लाल वायरीला हात लावताना सगळे दहादा विचार करणार. आणि मला काय? एक बोल्ट. झालं!

ही गाडी एका पेंटरची. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, जे म्हणाल ते तो रंगवायचा. बायको शिवणकाम करायची, म्हणून तिला सगळी गल्ली टेलरबाई म्हणायची. मोठ्या कामाला दोघं माझ्याच गाडीवरून जायची. तो पुढे, ती मागे मांडीवर रंगाचे डबे घेऊन. तिथं पोहोचलं की तो शिडीवर चढायचा आणि ती खाली शिडी धरून उभी राहायची. लोक म्हणायचे, काय हात आहे पेंटरचा! गाडीचंही कौतुक व्हायचं. हॉर्न कसा खणखणीत वाजतो, दिवा किती लांब पडतो. माझं नाव कुणी घेतलं असेल तर शपथ. तरीही मी कामात कधी कुचराई केली नाही, हे ठासून सांगते.

मग पेंटरचे डोळे बिघडले. कडेकडेनं अंधार आत सरकू लागला. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेलीही हळूहळू जाईल. जे बघायचंय ते बघून घ्या."

पेंटरला एकच गोष्ट बघायची होती. तरुणपणी त्यानं दोरखंडाला लटकून एक दीपस्तंभ रंगवला होता. डोंगरापलीकडे, समुद्राच्या कडेला. लाल पट्टा, पांढरा पट्टा, पुन्हा लाल. त्याच्या हातचं सगळ्यांत उंच काम ते. "नजर आहे तोवर तो एकदा बघेन," असं त्यानं धरूनच ठेवलं. आता गाडी चालवणार कोण? टेलरबाई. तिनं या वयात गाडी शिकून लायसन्स काढलं. लेकीनं डोक्याला हात लावला. "जा बाई," ती म्हणाली, "पण गाडी एकदा जरी बंद पडली ना, तर तिथूनच मागे फिरायचं. आणि ती गाडी मी विकून टाकणार. शब्द द्या." दोघांनी शब्द दिला.

प्रवासाच्या आधी पेंटरला वाटलं, गाडीला नवा रंग द्यावा. त्याच्या हातून होणारं हे बहुधा शेवटचं काम. मग काय विचारता! त्यानं एकेक भाग सुटा केला, घासला, पुसला आणि गडद निळा रंग दिला. नजर पोहोचत नव्हती तिथं बोटांनी चाचपून दिला. माझाही बोल्ट काढला. मी ज्या जागेवर टेकते ती उघडी, चकचकीत लोखंडाची जागा त्यानं नीट रंगवली. एक हात, वाळल्यावर दुसरा हात. आणि मग मला त्या रंगावर ठेवून वरून बोल्ट आवळला.

अहो, मी काय करायचं? मी लोखंडाला चिकटले तर माझं काम. रंगाला चिकटून मी कुणाचं भलं करणार? मी किंचाळत होते, पण सीटखालचं किंचाळणं कुणाला ऐकू जातं! बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम धातूला धातू लागत होता, तेवढ्यावर मी करंट परत आणत राहिले. कसाबसा.

थोड्याच दिवसांत सेल्फ मारला की गाडी नुसती टक टक करू लागली. या गाडीला किक नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं लांबूनच निदान केलं, "बॅटरी गेली." नवी बॅटरी बसवताना त्यानं मला ओढलं, वाकवलं, पुन्हा घट्ट केलं. त्या ओढाताणीत बोल्टाखालचा रंग जरासा खरचटला आणि गाडी चालू झाली. मेकॅनिक मिशीतल्या मिशीत हसला. पेंटर म्हणाला, "बघितलंस? बॅटरीच होती." चार दिवसांनी पुन्हा टक टक. या वेळी त्यानं रिले, म्हणजे सेल्फला करंट सोडणारी छोटी डबी बदलली, आणि पुन्हा मला हिसके. पुन्हा चालू, पुन्हा बंद. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. गुण येत होता माझ्या हलण्यानं आणि सत्कार व्हायचा नव्या पार्टाचा! एकानंही, मित्रांनो, एकानंही तपासून बघितलं नाही. ठोकून द्यायचं आणि बदलून टाकायचं, बस्स.

टेलरबाईला मात्र हे पटेना. गाडीवरून लांब फिरणाऱ्या लोकांसाठी एक वायरिंगवाली रविवारी आपल्या गॅरेजात शिकवायची. टेलरबाई गाडी घेऊन तिथं जाऊ लागली. पेंटरनं खिल्ली उडवली, "मशीनला तेल घालता येतं ना? तेवढं पुरे. करंटमधलं तुला काय कळणार?" तिनं चप्पल घातली आणि बाहेर पडताना दार असं आपटलं की सीटखाली मी हादरले.

गॅरेजात इंडिकेटरचे जुने बल्ब होते. प्रत्येकानं बल्बला दोन वायरी जोडायच्या, एकीला चिमटा, दुसरीला सुईसारखं टोक. झाला टेस्ट लॅम्प, करंट मिळाला की पेटणारा. वायरिंगवाली मोठी कडक बाई. कुणी "मला वाटतं रिले असेल" म्हणालं की ती तडकायची, "तुम्हाला काय वाटतं ते घरी ठेवून या. वाटण्यावर गाडी चालते का? दिव्याला विचारा. बॅटरीपासून सुरू करा, एक एक टप्पा पुढे जा, आणि उडी मारायची नाही." मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. टेलरबाईनं आपला दिवा सुयांच्या डब्यात ठेवला आणि तो डबा प्रवासाच्या पिशवीत.

मग काही दिवस गाडी एकदाही अडली नाही, आणि ती दोघं निघाली. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, घाटाच्या निम्म्या चढावर, एका वळणावर मी सुटले. म्हणजे बोल्ट जागेवर होता, मीही जागेवर होते, पण खड्ड्यांनी हादरून हादरून जो जेमतेम धातू लागत होता तोही लागेना. दिवा गेला, हॉर्न गेला, इंजिन गेलं. गाडी मुकी झाली.

"गेली बॅटरी!" पेंटर ओरडला. "तुझ्या त्या क्लासच्या नादात तूच काहीतरी उचकटलं असशील!"

तेवढ्यात एक रिकामा ट्रक वरून खाली येत होता, तो थांबला. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "काका, बॅटरी गेली असणार. गाडी वर चढवू, तुम्हाला खाली गावात सोडतो."

खाली म्हणजे मागे. पेंटरनं गाडीवरचा हात काढून घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "चढवा. आपण शब्द दिलाय लेकीला."

तेव्हा टेलरबाई जी भडकली! इतकी वर्षं मी तिला ओळखते, पण असा आवाज ऐकला नव्हता. "काही चढवायचं नाही! बॅटरी गेली, बॅटरी गेली! बघितलीत का कुणी? जन्मभर मी तुमची शिडी धरून खाली उभी राहिले. एकदा तरी म्हटलं का, उतरा, तुम्हाला काय कळतंय? आता मी चढतेय. जरा तुम्ही शिडी धरा!"

ट्रकवाला चाकाला दगड लावून निमूटपणे रस्त्याच्या कडेला बसला.

तिनं सीट काढली. सुयांचा डबा उघडला. दिव्याचा चिमटा बॅटरीच्या प्लसला, टोक मायनसला. दिवा लख्ख पेटला. "बॅटरी जिवंत आहे," ती म्हणाली. मग चिमटा मायनसला लावून फ्यूजच्या एका बाजूला टोक, मग दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे पेटला. "करंट इथवर येतोय. मग परत जातोय का बघू." पुन्हा चिमटा प्लसला. टोक तिनं सांगाड्याला टेकवलं. दिवा ढिम्म.

पेंटर जवळ वाकून सरळ त्या बल्बाकडे बघत होता. जेवढं दिसत होतं तेवढं सगळं त्या बल्बावर लावून बसला होता. तो खेकसला, "अगं, रंगावर काय टेकवतेस! रंगातून कधी करंट जातो का? एवढंही..."

आणि वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

टेलरबाईनं टोक उचललं आणि इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवलं. तरीही दिवा पेटला नाही. मग तिची नजर माझ्यावरून घसरत घसरत माझ्या बोल्टापर्यंत आली. शिवण कुठं उसवलीय ते शोधावं तशी. तिनं विचारलं, "अहो, रंग दिलात तेव्हा हा बोल्ट काढला होतात?"

"सगळे काढले होते. अर्धवट काम मी कधी करतो का?"

"आणि या वायरीखाली?"

त्यानं बोल्टाभोवती अंगठा फिरवला. मग म्हणाला, "वायरीखालीसुद्धा. दोन हात दिले."

मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी खुशाल म्हणेन, बघा, बघा आता! पण त्याचा चेहरा बघून माझ्याच्यानं तेवढं झालं नाही. राग होता, अजून आहे. पण त्या माणसानं मला छळायला रंगवलं नव्हतं. शेवटचं काम म्हणून, कुठं काही राहू नये म्हणून रंगवलं होतं.

तिनं बोल्ट खोलला. मला बाजूला केलं. खाली गोल, सुरेख, निळी जागा. ती पिशवीतून चाकू काढणार, तोच त्यानं हात पुढे केला. "दे इकडे. माझा रंग आहे, मीच खरवडतो."

तो खरवडू लागला. दात ओठ खाऊन. बोटानं चाचपायचा, पुन्हा खरवडायचा. "गाढव," तो पुटपुटत होता, "गाढव आहे मी." टेलरबाई म्हणाली, "आता पुरे, गाढवांनाही रंग इतका साफ काढता येत नाही." ट्रकवाला फस्सकन हसला. पेंटरही हसला, आणि बाहीनं त्यानं डोळे पुसले. खाली नाण्याएवढं लोखंड उघडं झालं. तिनं माझी कडी त्यावर ठेवली आणि बोल्ट असा आवळला की माझा तांब्याचा केस न् केस ताठ झाला. टोक इंजिनाला टेकवलं. दिवा पेटला! तिनं चावी फिरवली, सेल्फ मारला, आणि गाडी एका दमात सुरू झाली.

"लेकीला दिलेल्या शब्दाचं काय?" पेंटरनं विचारलं.

"गाडी बंद पडली नव्हती," टेलरबाई म्हणाली. "तुम्ही पाडली होती. बसा मागे."

संध्याकाळच्या आत ती दोघं समुद्रावर पोहोचली. दीपस्तंभ उभा होता. पेंटरनं मान सरळ केली आणि त्याच्या उरल्यासुरल्या नजरेत तो लाल पांढरा खांब नेमका मावला. बराच वेळ बघून तो कडाडला, "कोण हा हलकट! वरचा लाल पट्टा वाकडा मारलाय! नंतर कुणाला दिलं होतं हे काम?" टेलरबाई हसून हसून वाळूत बसली. तो चिडून बोलतच राहिला आणि बघतच राहिला, दिसेनासं होईपर्यंत.

मित्रांनो, आता त्याला काहीच दिसत नाही. पण माझा राग अजून गेलेला नाही, कारण रस्त्यारस्त्यावर माझ्या बहिणी गंजून, सैल होऊन पडल्या आहेत आणि त्यांच्या नावानं कुणी एक दिवा पेटवून बघत नाही. प्रवासाला निघाल तेव्हा कपडे चार कमी घ्या, पण एक बल्ब आणि दोन वायरी घ्या. मला वाटतं, तुम्हाला वाटतं, हे घरी ठेवा. सीट उघडा, मला हलवून बघा, माझी कडी लोखंडावर आहे की कशावर ते बघा. एवढंही जमत नसेल तर आम्हाला वायर म्हणू नका, दोर म्हणा आणि कपडे वाळत घाला!

आमच्या पेंटरला हे सांगावं लागत नाही. टेलरबाई पिशव्या बांधत असते तेव्हा तो सीटखाली हात घालतो, मला हलवून बघतो, अंगठ्यानं माझ्या कडीभोवतीचं उघडं लोखंड शोधतो. मग मागे बसतो आणि म्हणतो, "घट्ट आहे गं. निघ."